चिंचेला धडकलेली जीप

स्वतःच्या हातानं चिंचेला धडकवून चेपवलेली जीप आबासाहेब इनामदारांनी भंगार म्हणून तुळसाबाईला विकली. दुधाच्या किटल्या डोक्यावर वाहून तिची मान मोडून आली होती. सहा महिने स्वतः हातोडा मारत तिने जीप चालती केली. ती पळताना बघून आबासाहेबांच्या पोटात दुखू लागलं.

"पैसे घे, माझी गाडी दे!" त्यांनी पंच बसवले.

पंचांनी गावची रीत सांगितली, "विकणाऱ्याचं मन फिरलं, तर वस्तू जशी नेली तशी परत द्यावी."

"देते की! जशी नेली तश्शीच देते," तुळसाबाई म्हणाली. "पण चांगल्या गाडीचं भंगार करायचं कसब माझ्या हातात नाही. ही घ्या किल्ली, आबासाहेब. चिंच अजून तिथंच उभी आहे."