सगुणाचा काटा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की माझ्या आजीनेही ती ऐकलीच होती, पाहिली नव्हती. आंबेसावळीच्या माळावर ठमाई नावाची एक गोंदणारी राहायची. नवरा कधीच वारलेला. आपलं म्हणावं असं एकच माणूस, तिची लेक सगुणा.

ठमाईचा हात फार हलका. तिने मनगटावर गोंदलेला मोर ढग आले की पिसारा फुलवायचा, असं म्हणतात. मी काही पाहिला नाही, पण बायका शपथेवर सांगायच्या.

गावाची एक रीत होती. चैत्राच्या जत्रेत लग्नाला आलेल्या पोरी एका ओळीत बसवायच्या आणि एकाच सुईने सगळ्यांना गोंदायचं. मग त्या जन्मभराच्या सुईबहिणी. मध्येच सुई बदलली किंवा धुतली तर बहीणपण तुटतं, असं जाणती माणसं सांगायची.

त्या वर्षी ओळीत पहिली बसली पाटलांची येसू. हिवाळ्यात ती काविळीने पिवळी पडली होती, पण आता चांगली टवटवीत दिसत होती. शेवटी बसली सगुणा. मधली द्वारका मात्र रक्त पाहून अशी घाबरली, की सुई टोचायच्या आधीच रडत पळाली. सगळा मांडव तिला हसला.

पावसाळा लागला आणि ओळीत येसूनंतर गोंदलेल्या पोरी एकेक करून अंथरुणाला खिळल्या. सांधे दुखायचे, भाकरीच्या वासानेही मळमळायचं, उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. लघवी गडद पिवळी झाली, मग डोळे पिवळे झाले, मग अंग. गावाने दृष्ट काढली, देवीला नारळ वाहिले. बाकीच्या पोरी हळूहळू उठल्या. सगुणा उठली नाही.

लेकीला माती देऊन आल्यावर ठमाई अंगणात बसली आणि पिवळ्या पडलेल्या एकेका पोरीचं नाव घेत राहिली. सगळ्या तिच्याच ओळीतल्या. सगुणाच्या ताटात जेवणारी, तिच्याच घागरीतलं पाणी पिणारी द्वारका मात्र ठणठणीत. तेव्हा ठमाईला कळलं. तिने उठून ती सुई पेटत्या चुलीत टाकली.

पुढच्या जत्रेत ती बाभळीच्या काट्यांची जुडी घेऊन बसली. म्हणाली, "एकीला एक काटा. काम झालं की मोडायचा. दुखणं माज्या सुईतनं गेलं, बायांनो. माजी लेक मीच घालवली."

"म्हंजी आमच्या पोरी आता बहिणी व्हायच्या न्हाईत व्हय?" पाटलीणबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांना घेऊन दुसऱ्या गोंदणारीच्या मांडवात गेल्या.

तेव्हापासून ठमाई एकटी पडली. कोणी तिला शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. नुसतं कोणी आलं नाही. दरवर्षी ती काट्यांची जुडी पुढ्यात मांडून बसायची, आणि दिवस मावळला की एक काटा मोडून म्हणायची, "हा सगुणाचा." मग माळावर परत. झोपडीजवळच्या बाभळीला तोडलेल्या काट्याजागी सकाळी नवा काटा आलेला असायचा, असं म्हणतात. त्या बाभळीशिवाय दुसरं कोण होतं तिच्याशी बोलायला!

असं करता करता ठमाईचे केस पांढरे झाले. मग एका जत्रेला द्वारका आली, स्वतःच्या लेकीला घेऊन. त्या दुसऱ्या मांडवातल्या पोरीही आदल्या साली पिवळ्या पडल्या होत्या.

"मावशे, हिला तू गोंद," द्वारका म्हणाली. "मी पळाले म्हणून समदी मला हसली. पळाले म्हणूनच दुखण्यातनं वाचले."

ठमाई ढसाढसा रडली. आधी तिने सगुणाचा काटा मोडला, मग दुसरा उचलला. तिचं पाहून बाकीच्याही आल्या. तिच्या हाताखालून गेलेली एकही पोर पुढे पिवळी पडली नाही, असं म्हणतात. पण संध्याकाळी मांडव उठला की ठमाई माळावर एकटीच जायची. ते काही बदललं नाही.

ती कधी गेली ते कोणालाच कळलं नाही. बाभळीखाली फक्त मोडक्या काट्यांचा ढीग होता, आणि ती बाभूळ त्या वर्षी अवेळी फुलली होती, असं म्हणतात.

आजही आंबेसावळीच्या दवाखान्यात इंजेक्शन घेताना म्हाताऱ्या विचारतात, "काटा मोडला का?" नर्सबाई नव्या सुईचं पाकीट त्यांच्यासमोर फोडतात आणि वापरलेली सुई डब्यात टाकून दाखवतात. जत्रेत अजून गोंदतात. पण पहिल्या काट्याने कोणालाच गोंदत नाहीत. गावातली सगळ्यात थोरली बाई तो मोडते, बाभळीखाली पुरते आणि म्हणते, "हा सगुणाचा."