टेंभा कुठे टेकेल

एकदा एक तरुणी सात वर्षे दूरदेशी राहून, शिकून-सवरून आपल्या गावी परतली. येताना तिने मनात जे गाव आणले होते ते असे होते: चैत्र संपता संपता सोंगांची मिरवणूक निघते, पुढे देवी आणि मागे लाकडी मुखवटे चढवलेले देव आणि दानव संबळाच्या तालावर अरुंद गल्ल्यांतून नाचत जातात, आणि ओट्याओट्यांवर बसलेली माणसे शेंगा सोलत त्यांची वाट पाहतात. कोणी कोणाला ढकलत नाही. सगळ्यांना सगळे दिसते. शेवटी नदीच्या वाळवंटात दारूकाम उडते, आणि पेंगुळलेली मुले बापाच्या खांद्यावरून आभाळ पाहत घरी जातात.

प्रत्यक्षात तिला सापडले ते निराळे. आता दहा गावांची माणसे गाड्या करून येत. सगळे हात वर, प्रत्येक हातात मोबाईल, आणि मागच्याच्या डोळ्यांसमोर पुढच्याचे कोपर. गेल्या वर्षी रेटारेटीत एक बाई खाली पडली आणि तिचा हात मोडला. तेव्हा उत्सव समितीने ठरवूनच टाकले की गल्ल्यांतली मिरवणूक आता बंद करायची. महामार्गापलीकडच्या पटांगणाला तारेचे कुंपण आहे. तिथे खुर्च्यांच्या रांगा मांडायच्या, सोंगे तिथेच नाचतील आणि दारूकामही तिथेच उडेल.

कुंपणात नाचणारी देवी तिला डोळ्यांसमोर आणवेना. शिवाय गर्दी हाच तर तिच्या अभ्यासाचा विषय होता. ज्या देशात ती शिकली, तिथल्या एका विशाल मनोरंजन उद्यानात तिने दोन वर्षे कामही केले होते. तिथे रोज संध्याकाळी चित्ररथांची मिरवणूक निघे, मागोमाग आतषबाजी होई, आणि हजारो माणसे जमिनीवर रंगवलेल्या एका रेषेमागे निमूट उभी राहत. जे तिथे जमते ते आपल्याकडे का जमू नये, असे ती ज्याला त्याला तळमळीने विचारी.

समितीचे अध्यक्ष गावातले कापडाचे मोठे व्यापारी होते. त्यांनाही तिने विचारले.

"एक वर्ष दिलं, मॅडम," शेठ म्हणाले. "पण यंदा कोणाला नुसतं खरचटलं, तरी पुढच्या साली कुंपण. मग माझ्या दारात येऊन बसू नका. आणि आधी बाबांकडून रीतभात शिकून घ्या. शास्त्र तुमचं असेल, टेंभा त्यांचा आहे."

बाबा म्हणजे गावचा म्हातारा टेंभेकरी. चाळीस वर्षे मिरवणुकीच्या अग्रभागी तो टेंभा धरून चालत आला होता. हे काम दिसायला साधे, पण सारी मिरवणूक त्यावर चाले. मुखवटा चढवलेल्या माणसाला दोन बारीक भोकांतून समोरच्या ज्योतीखेरीज काहीच दिसत नाही. टेंभा जाईल तिकडे तो जातो, आणि टेंभेकरी जिथे दांडा जमिनीवर टेकतो तिथे तो नाचतो. टेंभा उचलला की पुढे निघतो.

तरुणी रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसू लागली. म्हातारा फाटक्या धोतरांच्या पट्ट्या काढून दांड्याला गुंडाळायला शिकवी आणि जास्त काही बोलत नसे. एक दिवस तिने मोठ्या उमेदीने त्याच्यापुढे एक छापील पत्रक धरले. उद्यानात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पडे तसेच ते होते. वर गावाचा नकाशा, त्यावर पाहण्यासाठी उत्तम जागा लाल ठिपक्यांनी दाखवलेल्या, आणि खाली वेळा: आठ वाजून दहा मिनिटांनी चौकात देवी दहा मिनिटे नाचेल, साडेआठला दारूकाम, तेही चौकातून सर्वांत सुरेख दिसेल.

म्हाताऱ्याने कागद लांब धरून बराच वेळ पाहिला.

"ह्यात कुंभारआळी कुठं आहे?"

"ती नाही घातली, बाबा. तिथून काहीच दिसत नाही. लोक उगाच ताटकळले असते."

"हं," तो म्हणाला. त्याने कागदाची घडी करून टोपीत खोवली. "छपाई मात्र झकास झालीय."

उत्सवाचा दिवस उजाडला. तिने चौकाभोवती जाड दोर बांधून घेतले, कर्णा हातात घेतला आणि दुपारपासून ती उभी राहिली. पाच वाजल्यापासून माणसे येऊ लागली. प्रत्येकाच्या हातात पत्रक होते, ते पाहून तिला प्रथम आनंद झाला. सहाला चौक भरला. सातला दाटला. त्यानंतरही माणसे येतच राहिली, कारण त्या कागदावर दुसरीकडे कुठे जावे असे काही नव्हतेच. इतर गल्ल्या ओस पडल्या होत्या.

आठ वाजायला आले तेव्हा दोर धनुष्यासारखा ताणला गेला होता. सर्वांत पुढे, चांगले दिसावे म्हणून, लोकांनी मुलांना उभे केले होते. त्यांची पोटे आता दोरावर दाबली जात होती. एक लहानगी रडत होती आणि तिच्या आईला हातसुद्धा हलवता येत नव्हता.

"कृपया मागे सरका," तिने कर्ण्यातून सांगितले.

तिचा आवाज ऐकून मागच्यांना वाटले की पुढे काहीतरी सुरू झाले. ते आणखी पुढे सरकले.

"अहो मॅडम, मागं कुठं सरकू?" मधूनच एक जण ओरडला. "मागच्याच्या खिशात?"

दोन-चार जण हसले, पण ते हसणेही दबलेले होते. एका बाईने घामाने भिजलेले पत्रक कसेबसे वर काढले. "तुमच्याच कागदात लिहिलंय, हीच जागा चांगली. आता हला म्हणता?"

तरुणी तेच सांगत राहिली, आणि जितके ती सांगे तितका दोर ताणला जाई. कुंपणाचा विचार केव्हाच मागे पडला होता. आता तिला फक्त ती मुले दिसत होती.

इतक्यात देवळाच्या वळणावर टेंभा दिसला. संबळ कडाडला आणि सगळा चौक एका अंगाने पुढे झेपावला. म्हातारा तिथेच थबकला. त्याने टेंभा थोडा उंच धरून चौक या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. आणि मग त्याने जे केले ते पाहून तिचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याने चौकाकडे चक्क पाठ फिरवली आणि तो कुंभारआळीत शिरला. संबळवाले त्याच्यामागे गेले. देवी तर ज्योतीशिवाय दुसरे काही पाहूच शकत नव्हती, तीही वळली.

तरुणी मागच्या बोळातून धावत सुटली. कुंभारआळीत पोहोचली तो म्हाताऱ्याने एका बुटक्या घरापुढे टेंभा टेकला होता आणि अठरा हातांची देवी तिथे घुमत होती. प्रेक्षक म्हणाल तर दारातल्या बाजेवर बसलेली ठकूबाई कुंभारीण, जिचे पाय तीन वर्षांपूर्वी गेले होते. तिला धरून उभी असलेली सून. आणि खुंटीला बांधलेली एक शेळी. दारापुढची जमीन सड्याने ओली होती.

"बाबा, हे काय चालवलंय तुम्ही?" तिला धाप लागली होती. "दोन हजार माणसं चौकात उभी आहेत. इथं कोण आहे बघायला?"

"ठकूबाई आहे की," तो म्हणाला. "जरा कान दे. चौकात काय होतंय ते ऐक."

तिने कान दिला. संबळ भलत्याच दिशेने वाजतो आहे हे चौकाच्या ध्यानात येत होते. "आरं, तिकडं गेली," असा कोणाचा तरी आवाज आला. ती बोळाच्या तोंडाशी गेली. सारा जमाव अंग वळवत होता. जे सर्वांत मागे, काही दिसण्याची आशा सोडून उभे होते, तेच आता सर्वांत पुढे झाले आणि मोकळेपणी चालू लागले. त्यांच्यामागची माणसे सुटली, मग त्यांच्यामागची. बघता बघता दोर सैल पडून जमिनीवर लोळू लागला. त्या आईने लहानगीला कडेवर घेतले आणि तिच्या पोटावरून हात फिरवला.

माणसे कुंभारआळीत आली. आळी अर्धी भरते न भरते तोच म्हाताऱ्याने टेंभा उचलला आणि विणकरांच्या गल्लीत नेऊन टेकला. तिथून माळ्यांच्या विहिरीपाशी. तिथून शाळेमागे. जी गर्दी चौकात गोळा होऊन साकळली होती, ती आता पाण्यासारखी पाटापाटांतून वाहू लागली. थकलेले लोक जागोजागी अनोळखी ओट्यांवर टेकले. ओट्यांच्या धन्यांनी त्यांना पाणी दिले.

शेठ घामाघूम होऊन शाळेमागे येऊन थडकले. "बाबा, माझे पाहुणे गच्चीवर खुर्च्या टाकून बसलेत. त्यांनी काय बघायचं?"

"आभाळ बघा म्हणावं, शेठ. गच्चीवरून तेच जवळ पडतं."

साडेआठ वाजून गेले तरी दारूकाम सुरू झाले नव्हते. तिने वाळवंटात निरोप पाठवला, तर दारूकाम करणाऱ्या कारागिराचे उत्तर आले: "घड्याळ बाईंचं असेल, आपण टेंभा बघून वात लावतो." पाऊण तासाने, गाव गल्लीगल्लीत नीट पांगल्यावर, म्हातारा देवळाच्या सर्वांत वरच्या पायरीवर चढला आणि त्याने टेंभा तीनदा हलवला. पहिला बाण सुटला. जो जिथे होता तिथेच थांबला आणि त्याने मान वर केली. कौलांवर, शेवग्याच्या शेंड्यांवर, वर पाहणाऱ्या शेकडो चेहऱ्यांवर हिरवा-तांबडा उजेड सांडत राहिला. तिच्या लहानपणी होते तेच गाव कितीतरी वर्षांनी क्षणभर तिच्या समोर उभे होते.

शेवटचा औटगोळा विझल्यावर ती म्हाताऱ्याशेजारी पायरीवर येऊन बसली.

"बाबा, माझं कुठे चुकलं?" तिने विचारले. "तिकडे तर असाच नकाशा असतो. रेषा असते, वेळ असते. लोक ऐकतात."

"तिकडची मिरवणूक चुकली तर परत कधी असते?"

"दुसऱ्या दिवशी."

"आणि आपली?"

"वर्षाने."

म्हाताऱ्याने टेंभ्याची राख पायरीवर झाडली. "पोरी, माणूस रेटतो तो वाईट असतो म्हणून नव्हे. आपलं चुकेल, ह्या भीतीनं रेटतो. तू कागदावर लिहिलंस, देवी इथं नाचेल. म्हणजे बाकी कुठं नाचणार नाही. मग सगळं गाव तिथंच येणार. आल्यावर तू त्याला म्हणालीस, मागं सरक. मागं काही नाहीच, तर तो कशाला सरकेल? मागं सरक म्हणायचं असेल तर मागं काहीतरी ठेवावं लागतं. म्हणून टेंभेकरी आपली थांबायची जागा कुणाला सांगत नाही. देवी कुठंही येऊ शकते असं वाटलं की जो तो आपल्या दारात उभा राहतो. पूर्वी ह्या दिवशी गावभर सडे पडायचे. यंदा पडला तो फक्त ठकूबाईच्या दारात. तिला तुझा कागद वाचता येत नाही."

ते ऐकताना तिला एकाएकी काहीतरी आठवले. "मी सहा वर्षांची होते," ती हळूच म्हणाली. "गोवर आला होता. आईनं मला उंबऱ्याबाहेर येऊ दिलं नाही, मी रडरड रडले. आणि देवी आमच्या दारात येऊन नाचली. परदेशात किती रात्री मी तेच आठवून झोपले असेन. मला अजून वाटतं, ती माझ्यासाठी आली होती."

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "त्या साली चौकात पाराचं बांधकाम चालू होतं. दगड पडलेले, माणसं दाटलेली. तुमची गल्ली मोकळी होती, म्हणून वळलो."

"म्हणजे माझ्यासाठी नव्हती?"

"मी गर्दीसाठी वळलो. पण देवी तुझ्याच दारात आली ना? तसं तर आज ठकूबाईला विचार, कुणासाठी आली होती."

ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या सभामंडपात समिती बसली. कोणाला खरचटलेही नव्हते, तेव्हा कुंपणाचा विषय निघालाच नाही. शेठ मात्र वही उघडून सज्ज होते. "हं मॅडम, पुढच्या वर्षाचं आत्ताच ठरवू. टेंभा कुठं कुठं थांबणार ते बाबांकडून काढून घ्या आणि नकाशात घाला. म्हणजे असा घोळ नको."

म्हातारा खांबाला टेकून बसला होता.

"नकाशा नसेल, शेठ," ती म्हणाली. "वेळाही नसतील. पत्रकात वर तिथी घालू, आणि खाली एकच ओळ."

"कोणती?"

"संध्याकाळी आपापल्या दारापुढे सडा घालून ठेवावा."