समुद्रमंथनाची दोरी

राजा गंभीररावाची मिशी अर्धीच उरली, त्याला कारण एक हातभर दोरी.

झालं असं, की राजेसाहेब व्यापाऱ्याच्या वेषात शंखतीर्थाच्या माघी जत्रेला जाऊन आले. ऐन गर्दीचे दिवस. तिथल्या लोकांनी त्यांना असं सोललं, की परत येताना पायात जोडे होते हेच नशीब. पण राजाला आपण फसल्याचा पत्ताच नव्हता. सकाळी दाढीला बसल्यावर त्याने निंबाजी न्हाव्याला मोठ्या कौतुकाने एक दोरी दाखवली. मोहरांनी भरलेली थैली देऊन आणलेली, देवदानवांनी समुद्रमंथनात वापरलेली, अगदी अस्सल.

निंबाजीच्या तोंडून निघून गेलं, "महाराज, मंथनाला दोरी कुठे होती? वासुकी नाग होता ना!" आणि त्याला असं हसू फुटलं, की वस्तरा घसरला आणि डाव्या बाजूची मिशी राजाच्या मांडीवर पडली.

राजाने आरसा पाहिला, मग दोरी पाहिली. कशाचा राग जास्त आला हे त्याचं त्यालाच कळेना.

"एवढा शहाणा आहेस, तर तूच जा जत्रेला," तो म्हणाला. "तेवढीच मोठी थैली देतो. तिथे राहायचं, जेवायचं, खरेदी करायची आणि थैली रिकामी करूनच यायचं. वेशीवर ओरडून सांगायचं, की मी पहिल्यांदाच आलोय आणि माझ्याकडे मोहरा आहेत. एवढं करून एकदाही फसायचं नाही. फसलास, तर धोकटी इथे ठेव आणि राज्याबाहेर चालता हो."

धोकटी म्हणजे वस्तरा-कातरीची पिशवी. तीन पिढ्यांचं पोट तिच्यावर चाललेलं. निंबाजीला घाम फुटला, कारण तो बिचारा बाजारात भोपळा आणायला गेला तरी कोहळा घेऊन यायचा. तेवढ्यात गरम पाण्याचा तांब्या घेऊन आलेली त्याची लेक सगुणा पुढे झाली आणि बाबांच्या ऐवजी मी गेले तर चालेल का, म्हणाली. राजाने चालेल म्हटलं, पाळतीला एक हुजऱ्या दिला आणि उरलेल्या मिशीवर रेशमी रुमाल बांधून तो वाट पाहत बसला.

शंखतीर्थाच्या वेशीवर सगुणाने ठरल्याप्रमाणे आरोळी ठोकली. गुळाला मुंगळे लागावेत तशी आठ-दहा माणसं धावून आली. गाव कोणतं? आडनाव काय? अगं, तुझे आजोबा आमच्याकडेच उतरायचे! एकाने तिचं गाठोडं धरलं, दुसऱ्याने गाठोडं धरणाऱ्याला धरलं.

सगुणा कोणालाच नाही म्हणाली नाही. धर्मशाळेवाल्याला म्हणाली, येते की तुमच्याकडे, पण हे पलीकडचे काका समुद्र दिसणारी खोली देतायत.

"समुद्र?" तो उसळला. "खिडकीबाहेर निळं लुगडं वाळत घालतो तो!"

पलीकडचे काका कसले गप्प बसतात? त्यांनी सांगितलं, की या धर्मशाळेत ढेकूण इतके, की पाहुणा निजतो भिंतीशी आणि उठतो दाराशी. मग सगुणाने बेट दाखवणाऱ्या नावाड्याचा विषय काढला. दोघांनी एका सुरात सांगितलं, की त्याची नाव काठाला बांधलेलीच असते, पावित्र्यासाठी म्हणून डोळे बांधतो आणि नुसती हलवतो. चिडलेल्या नावाड्याने मोतीवाल्याचं बिंग फोडलं. त्याचे मोती साबुदाण्याचे, माळ भिजली की गळ्यात खिचडी.

दुपारपर्यंत सगुणा वेशीवरून हलली नव्हती, पण जत्रेतली एकूण एक लबाडी तिला पाठ झाली होती.

मग भुका लागल्या. भांडून घसे बसलेली ती मंडळी जत्रेतल्या झकपक खानावळी सोडून गुपचूप एका बोळात शिरली. सगुणाही मागोमाग गेली. बोळाच्या टोकाला गोदाक्का नावाची म्हातारी भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढत होती. सगुणा तिथेच जेवली, तिथेच तीन दिवस राहिली. मागच्या पडवीत गोदाक्काचा नवरा बसला होता. त्याच्या हातातलं काम पाहून तिने थैलीची गाठ सोडली.

पाचव्या दिवशी ती दरबारात हजर झाली. बाहेर दोन बैलगाड्या उभ्या होत्या, काथ्याच्या दोऱ्यांनी शिगोशीग भरलेल्या. गंमत पाहायला राणीसाहेबही आल्या होत्या.

राजाने रुमालाआडून विचारलं, "ही कोणत्या मंथनातली?"

"विहिरीवरची, महाराज. हिने पाणी निघतं, अमृत नाही. ही खानावळवाल्या गोदाक्काच्या नवऱ्याने वळली आणि आपली हातभर दोरीही त्यानेच. तेवढ्याच मोहरांत मला दोन गाड्या मिळाल्या."

हुजऱ्यानेही शपथेवर सांगितलं, की पोरगी एकदाही फसली नाही. सांगताना मात्र तो काखोटीला काहीतरी लपवत होता. काय ते, म्हणून राजाने विचारलं तेव्हा तो लाजला.

"वासुकीचं शेपूट, महाराज. दोरी खोटी असते, म्हणून हे घेतलं."

राजाने कपाळाला हात लावला आणि सगुणाला विचारलं, की एवढ्या लबाडांत खरं कोण बोलतंय हे तुला कळलं कसं?

"सगळेच खरं बोलत होते, महाराज. फक्त शेजाऱ्याबद्दल. ज्याचा माल त्याला मी काही विचारलंच नाही."

राजा खूश झाला. त्याने बोटातली अंगठी काढून तिच्या हातावर ठेवली. अस्सल माणिक आहे, म्हणाला.

सगुणाने अंगठी निरखून पाहिली, वाकून मुजरा केला आणि ती वळली.

"राणीसाहेब, माणिक खरं आहे का हो?"

राणीसाहेबांनी नाक मुरडलं. "कसलं खरं! त्याच जत्रेतलं आहे. गेल्या वर्षीचं."

राजाने राणीकडे पाहिलं, अंगठीकडे पाहिलं. मग राजा हसला, आणि असा हसला, की रुमाल सुटला आणि अर्धी मिशी सगळ्यांनी पाहिली. राणीसाहेबांनी आपल्या हातातले सोन्याचे तोडे सगुणाच्या हातात घातले. निंबाजीची धोकटी त्याच्याकडेच राहिली, वर जन्मभराची नेमणूक मिळाली. पहिलं काम म्हणून राजाने तिथेच पाट मागवला आणि उरलेली मिशी उतरवायला सांगितली. वस्तरा चालू असेपर्यंत मात्र कोणी हसायचं नाही, असा हुकूम सुटला.