ग्रहणाचा शब्द

एकदा एक वृद्ध गुरुजी तैग्रिस नदीकाठचे आपले गाव सोडून दूरच्या शहरात येऊन राहिले. गावची बोली अरामी. युद्धात गाव उठले, माणसे दाही दिशांना पांगली, आणि ती बोली मुळापासून जाणणारे म्हणाल तर हे एकटेच उरले. त्यांचा शिष्य बहनाम त्या बोलीचा शब्दकोश करीत होता. नांगरापासून पाळण्यापर्यंत सगळे शब्द गुरुजी भरभरून सांगत. ग्रहणाचा शब्द विचारला की मात्र म्हणत, त्याची वेळ येऊ दे. आता वेळ यायची कधी? गुरुजींना चार पावले चालले तरी धाप लागायची. म्हातारा मोठा हट्टी, शब्द बरोबरच घेऊन जाणार, या काळजीने बहनामचा जीव टांगणीला लागला होता.

पुढे एके दुपारी सूर्याला ग्रहण लागले. बहनामच्या खांद्याचा आधार घेत गुरुजींनी कशीबशी गच्ची गाठली, तांब्याचे पातेले उलटे धरले आणि पळीने बडवू लागले. "आथल्या! आथल्या!" असा त्यांनी टाहो फोडला. शेजारपाजारचे लोक हसायला लागले. बहनामला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्यांनी आपल्याला ग्रहणाचे गणित शिकवले, त्यांनीच हे करावे? त्याने त्यांचा हात धरला. शब्दच सांगायचा होता तर घरात बसून सांगता आला असता, असे तो जरा घुश्शातच म्हणाला.

गुरुजी धापा टाकत खाली बसले.

"बाळ, हा शब्द मूळचा बाबिलोनचा. ग्रहण दिसले की तिथले ज्योतिषी राजाच्या जिवावरचे संकट म्हणून धास्तावत. ती राज्ये धुळीला मिळाली, शब्द आमच्याकडे आला. आमच्या लोकांना त्यात सूर्याला गिळणारा महासर्प दिसला. एवढे तुला पोथ्यांतही सापडले असते. पण आमच्या गावात हा शब्द एकट्याने म्हणत नसत. आमच्या घराच्या धाब्यावरून आई हाक द्यायची, पलीकडून चुलती ओ द्यायची. दोघींचा वर्षानुवर्षे अबोला होता, पण त्या दिवशी नाही. अंधारात आपल्यासोबत कोणीतरी आहे, हा त्याचा आमच्या घरातला अर्थ. तो मी तुला घरात बसून कसा सांगू?"

ते पुन्हा उठले आणि त्यांनी हाक दिली. एवढ्या मोठ्या शहरातून कुठूनही ओ आली नाही. गुरुजींचे डोळे भरून आले. सगळा गाव त्यांना त्या क्षणी आठवला असावा.

बहनाम गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि लोकांच्या देखत, होता नव्हता तेवढा जोर लावून त्याने "आथल्या!" अशी ओ दिली. उच्चार थोडा चुकलाच. इतर वेळी गुरुजींनी तिथल्या तिथे कान धरला असता. आज त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा हाक दिली.

भाषा कोशात जपता येते खरी. पण ती जगते, कोणीतरी ओ देत असते तोवरच.