समाधान हजर आहे!

धुरपा कुंभारणीचं गाढव कोंडवाड्यात अडकलं होतं. सोडवायचा हुकूम कचेरीतून मिळायचा, आणि कचेरीच्या दारात भालेवाले पहारेकरी! राजे भुजंगरावांनी ते स्वतः मिशा पाहून निवडले होते. त्यांत सर्वांत मोठी मिशी जमादार हैबतीची.

"मामा, आत जाऊ द्या. गाढव उपाशी आहे हो! त्याच्यावाचून माती कोण वाहणार?"

"कचेरी आहे ही! इथं गाढवांना मज्जाव आहे," हैबती म्हणाला.

"मग तुम्हाला कुणी सोडलं?"

पहारेकरी फिसकन हसले. हैबती भाला उगारणार, तोच राजांची पालखी आली.

"काय हैबती, आमच्या बंदोबस्तावर लोक खूश आहेत ना?"

"पूर्ण समाधान आहे, महाराज! आजवर एक तक्रार आत आली नाही."

"माणूस आत जाईल तेव्हा तक्रार जाईल ना!" धुरपा ओरडली.

राजांच्या कपाळाला आठी पडली. हैबतीनं गर्दीकडे भाल्याचं टोक वळवलं. "काय रे, आहे ना समाधान?"

"आहे, आहे!" गर्दी एका सुरात म्हणाली.

"ऐकलंस?" राजे म्हणाले.

"हे भाल्याच्या टोकावरचं समाधान, महाराज."

राजे हट्टाला पेटले. "मग भाल्याशिवायचं समाधान माझ्यापुढं आणून उभं कर! दिवस मावळायच्या आत. आणलंस तर गाढव तुझं. नाहीतर ते सरकारजमा!"

लोक हळहळले. समाधान कधी आणून उभं करता येतं का? धुरपानं मात्र पदर खोचला. "आणते. पण त्याला खरं बोलायला अभय हवं."

"दिलं!"

उन्हं उतरली तशी धुरपा एका काटकुळ्या माणसाला घेऊन परतली.

"महाराज, समाधान हजर आहे!"

"हा कोण?"

"याचं नावच समाधान. आणि तुमच्या बंदोबस्तावर मनापासून खूश असलेला गावात हा एकटाच!"

"वा! धंदा काय रे तुझा?"

"चोरी, महाराज."

हैबतीची मिशी खाली आली. समाधान मात्र हात जोडून भरभरून बोलू लागला, "असा बंदोबस्त पंचक्रोशीत नाही! दुसरीकडे भिंत फोडावी लागते, कुत्र्यांना भाकरी टाकावी लागते. इथं जमादारांना वाकून मुजरा घातला की सरळ दारातून आत! कचेरीतलं तांब्याचं घंगाळ नेताना जड झालं, तर यांनी स्वतः हात लावून डोक्यावर चढवून दिलं. देव त्यांना उदंड आयुष्य देवो!"

"हैबती!" राजे कडाडले.

"महाराज," हैबती चाचरत म्हणाला, "हुकूम आत येणाऱ्यांना अडवायचा होता. हा तर बाहेर चालला होता!"

मग राजांना हसू आवरेना.

"धुरपा, जिंकलीस! गाढव घेऊन जा. वर ही साडीचोळी आणि गाढवाला पोतंभर हरभरा. आणखी काही?"

"गाढव पार खंगलंय, महाराज. त्याला बसून खाऊ द्यावं म्हणते. तोवर माती वाहायला कुणीतरी द्या."

राजांनी हैबतीकडं पाहिलं आणि फेटा सुटेपर्यंत हसले.

"ने त्याला! पण बाई, सांभाळ. हा हरभरा जास्त खाईल!"