कलशावरचा नारळ

त्याचं असं झालं, बाजारपेठेचा रस्ता काँक्रीटचा करायचा म्हणून खणला, आणि एसटीपासून डंपरपर्यंत सगळी वाहनं रंजनाताई मयेकरांच्या बोळातून जाऊ लागली. एकदा तर दोरीवरची त्यांची साडी एसटीच्या आरशाला अडकून थेट स्टँडवर पोचली. परवा रुग्णवाहिकाही बोळात अडकून पडली, तेव्हा मात्र ताईंचं डोकं फिरलं.

निवडणूक तोंडावर आली तसे नगराध्यक्ष भास्करराव त्याच रस्त्याचं पुन्हा भूमिपूजन करायला आले. ताईंनी विचारलं, "मागच्या भूमिपूजनाचं काय झालं?"

भास्कररावांनी माईक जवळ ओढला. "ताई, विकास म्हणजे जादू नव्हे. आधी तो जमिनीत रुजावा लागतो."

"रुजलाय की," म्हणत ताईंनी खड्ड्याकडे बोट दाखवलं. मागच्या पूजेत कलशावर ठेवलेला असोला, न सोललेला नारळ तिथेच पडून राहिला होता. त्याला कमरेएवढं रोप आलं होतं.

लोक हसू दाबून उभे राहिले. भटजींनी घाईघाईने नवा नारळ पुढे केला.

"तो राहू द्या, गुरुजी," ताई म्हणाल्या. "साहेबांचा रस्ता पुरा होईल तेव्हा उद्घाटनाला फोडायला याच झाडाचा मिळेल."