कोतवालाची नक्कल आणि पहाऱ्यावरची आई

मुलांनो, आकाशातून येणारे क्षेपणास्त्र दुरूनच कळावे म्हणून माणसे रडार लावून ठेवतात. करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या एका जंगलात सातभाई पक्ष्यांचा थवा राहत असे, त्यांचे रडार म्हणजे उंच फांदीवर बसलेला एक पहारेकरी. बाकीचे खाली पाचोळा उलटून किडे शोधत. शिक्रा या शिकारी पक्ष्याची चाहूल लागली, की सगळे त्या दिशेला धावून एकच कल्ला करीत. त्या कल्ल्याला कंटाळून शिक्रा मागे फिरे.

एका सकाळी पहाऱ्यावर एक नवी आई होती. तिची दोन पिल्ले नुकतीच घरट्यातून उतरली होती. त्यांना अजून धड उडताही येत नव्हते. पान हलले तरी ती धोक्याची हाक देई.

"सूनबाई, परवा फुलपाखराला भिऊन सगळ्यांना पळवलंस," खालून थोरली सातभाईण म्हणाली. "आज जरा खाऊ दे."

"मोठं होतं हो ते, आत्याबाई," ती पुटपुटली.

तेवढ्यात ओढ्याकडून शिक्र्याची किंचाळी आली. सगळा थवा कलकलत तिकडे धावला. खरे तर तिथे शिक्रा नव्हताच. एक कोतवाल पक्षी त्याची हुबेहूब नक्कल करत होता, कारण थवा पांगला की किडे त्याला आयते मिळत. रडारला फसवणारेही असेच करतात. ते रडार मोडत नाहीत, त्यात खोट्या खुणा भरून टाकतात. कोतवालाचा हा खेळ खऱ्या शिक्र्याने दुरून पाहून ठेवला होता.

आईलाही ओरडायचे होते. पण आपल्याला नेहमी भलतेच वाटते, या शंकेने तिने आधी इकडेतिकडे पाहिले. ओढ्याकाठची खार निवांत जांभूळ कुरतडत होती. टेकडीकडची खार मात्र खोडाला चिकटून दगडासारखी थिजली होती. आईने तिकडे मान वळवली. शिक्रा गवताला घासत, आवाज न करता, उघड्यावरच्या पिल्लांकडे येत होता.

तिने हाक दिली. ओढ्याकडच्या कल्ल्यात ती कुणालाच ऐकू गेली नाही. मग तिने ओरडणे सोडले, फांदीवरून स्वतःला खाली झोकले आणि चोचीने ढोसत दोन्ही पिल्ले करवंदीच्या काट्यांत कोंबली. शिक्र्याच्या पंजात तिच्या शेपटीची तीन पिसे आली. ती घेऊन तो निघून गेला.

थवा परतला तेव्हा कोतवाल किडे खाऊन उडाला होता.

"अगं, हाक तरी द्यायचीस," थोरली धापा टाकत म्हणाली.

"दिली होती. माझीच बारीक निघाली असेल."

थोरलीने काट्यांतल्या पिल्लांकडे पाहिले. "नाही गं," ती म्हणाली. "आम्हीच ओरडत होतो."

तात्पर्य : गोंगाट जिकडे, धोका तिकडेच असतो असे नाही, एका खुणेवर धावण्यापूर्वी दुसरी खूण पाहावी, आणि आपल्याच आरड्याओरड्यात खरी हाक बुडू देऊ नये.